विहिरीत पाणी किती, पेरा किती? गावाच्या भूजलाचा ताळेबंद असा मांडा

परतीचा पाऊस संपला की आपल्या भागातल्या विहिरी डोळ्याला भरलेल्या दिसतात. काठावर उभं राहून हात घातला तर पाणी लागेल असं वाटतं. मग कुणी कांद्याचं रोप टाकतो, कुणी गहू धरतो, कुणी उसाचं बेणं सांगून ठेवतो. जो तो आपल्या विहिरीकडं बघून पेरा ठरवतो. फेब्रुवारी सरता सरता मोटर हवा ओढायला लागते आणि एप्रिलमध्ये गावात टँकरची मागणी होते. नगर, पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड, सगळ्या दुष्काळी पट्ट्यात थोड्याफार फरकानं हेच चालू आहे.

मी स्वतः यातून गेलेलो आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात आमची सहा परस विहीर कोरडी पडली म्हणून पाणाड्याला नारळ घेऊन रानात फिरवलं. त्यानं दाखवलेल्या जागेवर चारशे फूट बोअर घेतलं. धुरळ्याशिवाय काही निघालं नाही, पैसे मात्र सोसायटीच्या खात्यावर दोन वर्षं बोलत राहिले. पुढच्याच वर्षी बांधापलीकडं चुलत्यांनी बोअर घेतलं, त्याला दोन इंच पाणी लागलं. आणि आमच्या विहिरीत पावसाळ्यात आलेलं पाणी दिवाळीच्या आतच तळाला गेलं. मी तात्यांना विचारायला गेलो तर ते म्हणाले, "अरे, माझ्या रानात मी खाली जातोय. तुझ्या रानात थोडाच आलोय?" त्यावेळी मला उत्तर देता आलं नव्हतं. हा लेख एका अर्थानं त्याचं उत्तर आहे.

जमिनीखाली पाणी असतं तरी कुठं?

खाली नदी वाहते, तळं आहे, "झरा थेट अमुक डोंगरातून येतो" अशा गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग बेसॉल्ट म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारस एकावर एक पसरत गेला, त्याचे हे थर. प्रत्येक थराचा वरचा भाग भोकाभोकांचा आणि मधला भाग घट्ट असतो. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल गेरूसारखी माती सापडते. सगळ्यात वर माती, मग मुरूम, मग फुटीर खडक आणि खाली घट्ट पाषाण.

पाणी साठतं ते मुरमात, फुटीर खडकाच्या भेगांत आणि थराथराच्या सांध्यात. घट्ट पाषाणात पाण्याला जागाच नसते. भूजलाचा हिशेब करताना आपल्या बेसॉल्टसाठी शंभर भाग खडकातून साधारण दोन भाग पाणी मिळतं असं धरतात, फार तर तीन. नदीकाठच्या वाळूमातीच्या गाळात हेच प्रमाण कितीतरी जास्त असतं. म्हणून पंजाबचा शेतकरी वर्षानुवर्षं खोल जात राहू शकला. आपल्याकडं तसं होत नाही. आपल्या खडकाचं पोट लहान आहे. चार मोठे पाऊस झाले की विहीर पटकन भरते आणि मोटरी सुरू झाल्या की तितक्याच पटकन उतरते.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या.

पहिली, विहीर म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. वीस फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी असेल तर ते साधारण ८८ हजार लिटर भरतं, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकरसुद्धा नाहीत. एवढ्यात एकरभर हरभऱ्याला एक पाणी नीट बसत नाही. तरी आपण त्याच विहिरीवर हंगाम काढतो, कारण उपसलं की आजूबाजूच्या खडकातून पाझर येतो. खरा साठा त्या खडकात आहे आणि विहीर ही त्याची खिडकी आहे.

दुसरी, तो खडक बांधाला थांबत नाही. सातबारा वरच्या मातीचा असतो, खालच्या भेगांचा नसतो. एकाच ओढ्याच्या पाणलोटातल्या विहिरी आणि बोअर बहुतेक वेळा एकाच साठ्यातून पितात. तात्यांच्या बोअरनं माझ्या रानात पाय ठेवला नव्हता हे खरं, पण माझ्या विहिरीचा पाझर त्यानं तोडला होता.

भूजल कमी होतंय हे ठरतं कसं?

राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. तिचं मुख्यालय पुण्यात आणि जिल्ह्याजिल्ह्यात कार्यालयं आहेत. तिनं राज्याचे दीड हजारांवर पाणलोट पाडले आहेत आणि त्यातल्या ठराविक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. टंचाईचे अहवाल येतात ते या मोजणीवरून.

पाणलोटात वर्षाला जेवढं पाणी उपसण्याजोगं भरतं, त्यातलं किती उपसलं यावरून वर्गवारी होते. ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर सुरक्षित. ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि १०० च्या वर गेला तर अतिशोषित. अतिशोषित म्हणजे गाव व्याजावर भागत नाही म्हणून मुद्दल खातंय.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे ४०६ अब्ज घनमीटर भूजल उपसण्याजोगं आहे आणि उपसा होतो सुमारे २४६ अब्ज घनमीटर, म्हणजे ६० टक्के. या उपशातला सर्वांत मोठा वाटा, साधारण ८७ टक्के, शेतीचा आहे. शहरं आणि कारखाने पाणी पितात, प्रदूषणही करतात, त्यावर बोललंच पाहिजे. पण जमिनीखालच्या पाण्याची चावी बहुतांशी आपल्याच हातात आहे, हेही मान्य करावं लागेल.

आणि सरासरीवर जाऊ नका. आपल्याच जिल्ह्यात अकोल्याच्या घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो, उत्तरेला भंडारदरा आणि मुळा धरणांचे कालवे आहेत, आणि पाथर्डी-जामखेडकडं आभाळाकडं बघत बसावं लागतं. एकच सरासरी सगळ्यांना लागू होत नाही. म्हणून हिशेब गावाचाच मांडायचा.

ताळेबंद: जमेची बाजू

हिशेब अवघड नाही, सातवीचं गणित आहे. दोन मापं लक्षात ठेवा.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडलं, बरोबर एक टँकर.

एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर. शंभर टँकर.

आता एक नमुन्याचं गाव घेऊ. शिवार १ हजार हेक्टर, वस्ती २ हजार, मोठी जनावरं १ हजार, पाऊस ५०० मिलिमीटर. एकूण पडलेलं पाणी झालं ५ हजार टीसीएम. आकडा मोठा वाटतो. पण यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, काही पिकं आणि गवत पितात, काही ओढ्यानं वाहून जातं. आपल्यासारख्या झिजलेल्या बेसॉल्टच्या भागात पावसाच्या साधारण ७ टक्केच पाणी खाली मुरतं असं धरतात. म्हणजे ३५० टीसीएम. त्यातलं दहा टक्के खालूनच ओढ्याला, शेजारच्या शिवाराला निघून जातं असं धरा. उरले ३१५.

आता आधी माणसं, मग जनावरं. माणशी रोज ५५ लिटर धरलं तर २ हजार वस्तीला वर्षाला ४० टीसीएम. जनावराला रोज ५० लिटर धरलं तर १८ टीसीएम. ही ५८ बाजूला काढली की शेतीला राहिले २५७ टीसीएम.

अडीच हजार एकर शिवाराच्या गावाला रब्बी आणि उन्हाळीसाठी हे पाणी. यापेक्षा जास्त उपसलं तर ते पुढच्या वर्षाच्या हिश्श्यातलं.

पाऊस ३०० मिलिमीटरच झाला तर काय होतं तेही बघा. मुरलेलं पाणी २१०, निघून गेलेलं वजा जाता १८९. माणसं-जनावरांचे ५८ तेवढेच राहणार, तहान काही कमी होत नाही. शेतीला उरले १३१. पाऊस चाळीस टक्क्यांनी घटला आणि शेतीचं पाणी निम्म्यावर आलं. तुटीच्या पावसात तर मुरण्याचं प्रमाणही कमी होतं, म्हणजे प्रत्यक्षात याहून कमीच मिळेल.

ताळेबंद: खर्चाची बाजू

आता पिकांचा खर्च. आकडे ढोबळ आहेत. जमीन, वाण, पाणी द्यायची पद्धत यानुसार बदलतील. पण पिकापिकातला फरक कळायला पुरेत. विहिरीतून एका एकराला लागणारं पाणी असं:

- रब्बी ज्वारी, दोन संरक्षित पाणी: ६० टँकर
- हरभरा: १०० टँकर
- गहू: १६० टँकर
- कांदा: २०० टँकर
- ऊस, पावसाचं पाणी सोडून वर्षभरात: ६०० टँकर

आपल्या नमुन्याच्या गावाच्या २५७ टीसीएममध्ये २५७ एकर हरभरा होईल. गहू केला तर १६० एकर, कांदा केला तर सव्वाशे एकरांच्या थोडा वर. सगळा ऊस केला तर ४२ एकर. ४२ एकर म्हणजे आठ-दहा शेतकरी. बाकी गावानं काय करायचं?

आणखी एक हिशेब. २ हजार वस्तीला रोज ११ टँकर पाणी लागतं. एका एकर उसाच्या पाण्यात ते गाव ५४ दिवस पितं. उसाला शिव्या द्यायचा हेतू नाही. कालव्याखाली, धरणाच्या पाण्यावर तो वेगळा विषय आहे. खात्रीचा पैसा देणारं ते पीक आहे आणि म्हणूनच माणूस ते सोडत नाही, मीही करत होतो. पण विहिरीच्या पाण्यावर, पाचशे मिलिमीटर पावसाच्या गावात ऊस लावणं म्हणजे सामाईक खात्यातून एकट्यानं पैसे काढणं आहे.

बंधारे बांधले की झालं, असं का नाही?

पाणी अडवा, पाणी जिरवा हे आपण गेली कित्येक वर्षं ऐकतोय. जलयुक्त शिवार आलं, श्रमदानाच्या स्पर्धा झाल्या, नाले खोल झाले, सिमेंट बंधारे झाले. ही कामं हवीतच. पण त्यांनी किती पाणी वाढतं तेही मोजा.

१० टीसीएम क्षमतेचा बंधारा पावसाळ्यात तीनदा भरला आणि त्यातलं निम्मं मुरलं, तर १५ टीसीएम भूजल वाढलं. असे पाच बंधारे म्हणजे ७५ टीसीएम. नमुन्याच्या गावाला ७५ एकर हरभऱ्याचं पाणी वाढलं, मोठी गोष्ट झाली. पण बंधारे झाल्याच्या आनंदात गावानं १२-१३ एकर ऊस वाढवला की ते सगळं संपलं. आमच्या तालुक्यात हे मी डोळ्यानं पाहिलंय. ओढा खोल केला, पुढच्या दोन वर्षांत ओढ्याच्या कडेनं बोअरची रांग लागली, तिसऱ्या वर्षी पुन्हा टँकर.

मिळकत वाढवून भागत नाही, खर्चाची वहीसुद्धा ठेवावी लागते. दुसऱ्या काही चांगल्या वाटणाऱ्या गोष्टीही याच कारणानं फसतात.

ठिबक: पाणी वाचतं यात शंका नाही. पण वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी दोन एकर धरतो. मग खडकातून उपसा तेवढाच राहतो, कधी वाढतोही. ठिबकचा फायदा गावाला तेव्हाच होतो, जेव्हा पेरा वाढत नाही.

शेततळं: ओढ्याचं वाहून जाणारं पाणी त्यात भरलं तर उत्तम. पण प्लास्टिकचा कागद टाकून विहीर-बोअरच्या पाण्यानं तळं भरायचं म्हणजे सावलीतलं पाणी उचलून उन्हात ठेवायचं. भर उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून रोज सेंटिमीटरभर वाफ होते. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून रोज ९ हजार लिटर, जवळपास एक टँकर. शिवाय ते पाणी खडकात असतं तर शेजाऱ्यालाही मिळालं असतं.

खोल बोअर: खोल गेलं की नवं पाणी लागतं असं नाही. पुष्कळदा बोअर वरचंच पाणी भेगांतून खाली ओढतं आणि उथळ विहिरी कोरड्या करतं. खरंच खोलवरचं पाणी लागलं तर ते भरायला फार काळ लागतो. आणि अशा पाण्यात क्षार, काही ठिकाणी फ्लोराइड जास्त निघतं. पिण्यासाठी बोअर वापरत असाल तर पाणी तपासून घ्या.

मोफत वीज आणि सौर पंप: २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल नाही. सौर पंपावर तर दिवसभर ऊन आहे तोवर पाणी. रात्रीची साप-विंचवाची फेरी वाचली, ही फार मोठी सोय आहे. पण पूर्वी भारनियमन आणि बिल यांनी उपशाला आपोआप लगाम होता, तो गेला. आता लगाम आपण लावायचा.

हिवरे बाजारनं काय केलं?

लांब जायला नको. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार आणि पारनेरमधलं राळेगणसिद्धी ही दोन्ही गावं आपल्याच जिल्ह्यातली. बाहेरून बसगाड्या भरून माणसं बघायला येतात आणि आपण मात्र "ते सगळं माहीत आहे" म्हणून सोडून देतो.

हिवरे बाजारचं नाव निघालं की लोकांना समतल चर, झाडं आणि बंधारे आठवतात. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं १९९० च्या दशकात ती कामं झाली, खरंच आहे. पण तशी कामं पुढं शेकडो गावांत झाली. हिवरे बाजारचं वेगळेपण त्यानंतरच्या शिस्तीत आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, बोअर फक्त पिण्याच्या पाण्यासाठी. ऊस, केळीसारखी जास्त पाण्याची पिकं घ्यायची नाहीत. पाऊस गावातच मोजायचा, विहिरी मोजायच्या आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून कोणत्या हंगामाला किती पाणी ते ठरवायचं. पाऊस कमी झाला की पेरा कमी. पिण्याचं पाणी आधी बाजूला.

हा नियम कुणा साहेबानं लावलेला नाही. ग्रामसभेनं लावला आणि ग्रामसभेनंच पाळला.

कायदा काय सांगतो?

तात्यांचं "माझ्या रानात मी" हे म्हणणं हवेतलं नव्हतं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून हीच समजूत चालत आलेली आहे, की ज्याची जमीन त्याला खालचं पाणी काढायचा हक्क. त्या काळी मोट होती. बैल दमले की उपसा थांबायचा. आज दमणारं कुणी नाही.

म्हणून पुढं कायदे आले. १९९३ च्या राज्याच्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास मनाई केली. त्यानंतर महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आला, तो १ जून २०१४ पासून अमलात आला. त्यातलं शेतकऱ्यानं माहीत ठेवायचं ते एवढं:

- ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा जास्त खोल विहीर किंवा बोअर ही 'खोल विहीर' समजली जाते.
- शासनानं अधिसूचित केलेल्या क्षेत्रात शेती आणि उद्योगासाठी नव्या खोल विहिरीला बंदी आहे.
- विहीरमालकांनी विहिरीची आणि बोअरच्या गाडीवाल्यांनी आपल्या यंत्राची नोंदणी करायची आहे.
- अधिसूचित क्षेत्रात पाणलोट समितीनं भूजल वापराचा आराखडा आणि त्यावर आधारित पीक योजना करायची आहे.
- सार्वजनिक पिण्याच्या स्रोताचं संरक्षण या कायद्यातही आहे.

कागदावर चांगलं आहे. पण रात्री अकराला गाडी येते, पहाटे चारला बोअर होऊन निघून जाते, तेव्हा कायदा झोपलेला असतो. जाग असते ती शेजाऱ्याला. म्हणून गाव एकत्र नसेल तर कायद्याचा उपयोग तक्रार अर्जापुरताच.

केंद्राची अटल भूजल योजना २५ डिसेंबर २०१९ ला सात राज्यांत सुरू झाली, त्यात महाराष्ट्रातले १३ जिल्हे घेतले, आपलाही त्यात आहे. तिचा गाभा हाच: गावानं स्वतः मोजायचं, ताळेबंद मांडायचा आणि जल सुरक्षा आराखडा करायचा. तुमचं गाव त्यात असेल तर ग्रामपंचायतीत हा आराखडा बघायला मागा. पुष्कळ ठिकाणी तो कपाटात आहे.

मोजायचं कसं? घरच्या घरी

- पाऊस: ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवा. झाड, भिंत यांपासून लांब, मोकळ्यावर. रोज सकाळी ठरलेल्या वेळेला मोजून वहीत लिहा. महसूल मंडळाचा आकडा मिळतो, पण मंडळात पाऊस पडला म्हणजे आपल्या शिवारात पडलाच असं नसतं.
- विहीर: काठावर रंगानं एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा. टेप किंवा खुणा केलेला दोर, टोकाला वजन. सकाळी मोटर चालू करायच्या आधी मोजायचं. गावातल्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या मिळून दहा-बारा विहिरी पुरतात. यंत्रणेच्याच महिन्यांत मोजलं तर तुलना सोपी जाते.
- विहिरीतलं पाणी: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं फुटात, आणि आलेल्या आकड्याला २२ नं गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं.
- उपसा: मोटरखाली २०० लिटरचं बॅरल लावा. ते ३० सेकंदांत भरलं तर तासाला २४ हजार लिटर. चालवलेले तास लिहिले की हंगामाचा उपसा कळतो.
- पाझर: विहीर उपसायला किती तास लागले आणि तेवढीच भरायला किती तास लागले. हा आकडा दरवर्षी लिहा. भरायचे तास वाढत गेले की समजायचं, खडक रिकामा होतोय.

पुनर्भरण करत असाल तर पाणी दगड, खडी, वाळूच्या गाळण खड्ड्यातूनच विहिरीत सोडा. पहिले एक-दोन पाऊस बाहेर जाऊ द्या. खतं आणि फवारणीचं औषध मिसळलेलं रानातलं पाणी थेट बोअरमध्ये सोडू नका. एकदा बिघडलेलं भूजल लवकर सुधारत नाही.

ग्रामसभेत काय ठरवायचं?

रब्बीची पेरणी व्हायच्या आत एक ग्रामसभा फक्त पाण्यासाठी लावा. उशीर झाला तर उपयोग नाही, पेरलेलं कुणी मोडत नाही. तिथं एवढंच ठरवायचं:

१. यंदाचा पाऊस, विहिरींची पातळी आणि शेतीला उरलेलं पाणी, हे आकडे फळ्यावर लिहायचे.
२. पिण्याच्या विहिरीच्या आसपासच्या मोटरी कोणत्या तारखेला बंद करायच्या.
३. कोणत्या पिकाचा पेरा किती, निदान उन्हाळी पीक घ्यायचं की नाही.
४. नवीन बोअर घ्यायचं असेल तर आधी ग्रामसभेत विषय मांडायचा.
५. ज्याच्याकडं विहीर नाही त्याला आणि वस्तीवरच्या लोकांना पाणी कुठून मिळणार.

पाचवा मुद्दा बहुतेक ठिकाणी सुटतो. ज्याच्याकडं पैसा तो खोल जातो, ज्याच्याकडं नाही त्याची विहीर आधी आटते आणि हंडा त्याच्या घरच्या बाईच्या डोक्यावर येतो. ताळेबंदात ही नोंद नसेल तर तो हिशेब अपुरा.

आमच्या गावात काय झालं?

आमच्याकडं पहिल्या वर्षी आम्ही चार-पाच जणांनी हिशेब मांडला. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन जे पेरायचं तेच पेरलं. एप्रिलला टँकर आला. दुसऱ्या वर्षी शाळेच्या भिंतीवर विहिरींची पातळी महिन्याच्या महिन्याला लिहायला सुरुवात केली. भिंत सगळे वाचतात. कुणाच्या विहिरीचं पाणी का उतरलं यावर पारावर चर्चा व्हायला लागली, भांडणंही झाली. मी माझा एकरभर ऊस मोडला, आधी स्वतःचा मोडल्याशिवाय दुसऱ्याला सांगता येत नव्हतं. त्या वर्षी पिण्याच्या विहिरीभोवतीच्या सात मोटरी फेब्रुवारीअखेर बंद झाल्या. त्यातली एक तात्यांची होती.

टँकर त्या वर्षी आलाच नाही असं म्हणणार नाही. आला, पण मेच्या तिसऱ्या आठवड्यात आला. आदल्या वर्षीपेक्षा महिनाभर उशिरा. टँकरपुढं रांगेत उभं राहायचे महिनाभराचे दिवस घराघरातल्या बायकांचे वाचले. तेवढ्यावरच पुढच्या सभेला गर्दी वाढली.

परवा तात्या भेटले तर म्हणाले, "भिंतीवर आपल्या विहिरीचा आकडा चुकलाय, अर्धा फूट जास्त लिहिलाय." मी दोर घेऊन गेलो. त्यांचंच बरोबर होतं.

आता पाऊस संपलाय आणि पेरणीला अजून थोडे दिवस आहेत. तुमच्या गावात दोर, वही आणि एक मोकळी भिंत असेलच. पेरणीआधीच मोजा.